फीलिंग, इमोशन, सेंटिमेंट : एका ‘भावने’त न मावणारे शब्द



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी आणि संवादकौशल्य शिकवते. आमच्याकडे अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालाला इंग्रजीबरोबर मातृभाषेतला सारांशही जोडावा लागतो, आणि तो तपासण्याचे काम माझ्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी दोन मराठी सारांश माझ्या टेबलावर आले. पहिल्या गटाने ग्राहकांनी मोबाइलबद्दल लिहिलेले अभिप्राय वाचून ते अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. विषय ‘सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस’. दुसऱ्या गटाचा प्रोग्रॅम चेहऱ्याच्या छायाचित्रावरून माणूस रागावला आहे, घाबरला आहे की आनंदात आहे हे ओळखत होता. विषय ‘इमोशन रेकग्निशन’. मराठीत मात्र एकाचे झाले होते ‘भावना विश्लेषण’ आणि दुसऱ्याचे ‘भावना ओळख’. सारांश चाळून बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, “मॅडम, एकच प्रकल्प दोन गटांना दिला का?”

मुलांची चूक म्हणावी तर त्यांनी शब्दकोश पाहिला होता. फीलिंग, इमोशन, सेंटिमेंट या तिन्हींपुढे त्यांना ‘भावना’ मिळाले. शिवाय नोकरीच्या लेखी परीक्षेसाठी मुले जी समानार्थी शब्दांची यादी पाठ करतात, तीत हे तिन्ही शब्द पॅशन आणि अफेक्शनसोबत एकाच ओळीत बसलेले असतात. काही मार्गदर्शकांत त्यापुढे आणखी एक सूचना असते : हे शब्द सौम्य ते तीव्र अशा क्रमाने लक्षात ठेवा. म्हणजे फीलिंग थोडे, इमोशन जास्त, पॅशन सर्वांत जास्त. थर्मामीटरवरच्या खुणा असाव्यात तसे.

माझा आक्षेप या थर्मामीटरला आहे. या शब्दांतला फरक मुख्यतः कमी-जास्ताचा नाही. जाणीव कोणाला होते, ती कशाबद्दल असते, तिच्यात मत मिसळलेले आहे का, आणि माणूस ती करतो की ती माणसाला होते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शब्द वेगळी देतो. आमच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातले एक सहकारी म्हणतात की सामान्य शब्दकोशात ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ हेही शेजारी राहतात. पण पहिला पास्कलमध्ये मोजतात आणि दुसऱ्याला एककच नाही. तिथे कोणी म्हणत नाही की स्ट्रेन म्हणजे जरा सौम्य स्ट्रेस. तसे म्हणणाऱ्याला प्रयोगशाळेतून बाहेर काढतील. भाषेच्या वर्गात मात्र आपण ते खपवून घेतो.

शब्द कुठून आले

‘फील’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतले, घरचे. त्याचा मूळ अर्थ स्पर्शाने कळणे, हाताला लागणे. म्हणून फीलिंगमध्ये शरीर अजून शिल्लक आहे. थंडी वाजणे, भूक लागणे, पायाला मुंग्या येणे, हे सगळे फीलिंग आहे, पण यांतले काहीच इमोशन नाही. आणि गाडीला उशीर होणार असे उगीच वाटू लागते, तेव्हा इंग्रजीत तेही फीलिंगच. मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘भावना’ नसून ‘वाटणे’ आहे. भीती वाटते, बरे वाटते, असे मला वाटते. स्पर्शापासून अंदाजापर्यंतचा पल्ला जवळजवळ तेवढाच.

‘इमोशन’ परका आहे. तो फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या लॅटिन मुळात हलणे, जागचे हलवून बाहेर काढणे असा अर्थ आहे. सुरुवातीच्या इंग्रजी वापरात तो खळबळीसाठी, अगदी लोकांच्या दंग्यासाठीही येत असे. आज आपण ज्याला सर्व मनोभावांचे सामान्य नाव समजतो, तो अर्थ त्याला सावकाश आला. देकार्तने 1649मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला तो ‘पॅशन्स’बद्दल. ह्यूमच्या 1739-40च्या ग्रंथाचा दुसरा भागही पॅशन्सबद्दलच. एडिंबराचे प्राध्यापक थॉमस ब्राऊन यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर 1820मध्ये छापली गेली. त्यांत इमोशन हा शास्त्रीय वर्ग म्हणून ठळकपणे पुढे आला. डार्विनने 1872च्या पुस्तकाच्या नावात हा शब्द वापरला तोवर तो रुळला होता. थोडक्यात, ही मोठी फडताळे दोनशे वर्षांचीच आहेत, आणि त्यांत जुन्या पेट्यांतले सामान नंतर ओतले आहे.

‘पॅशन’ची गंमत निराळी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सोसणे. ‘पेशंट’ आणि ‘पॅसिव्ह’ हे त्याच कुळातले. ख्रिस्ताच्या यातनांनाही इंग्रजीत पॅशनच म्हणतात. म्हणजे पॅशन ही माणसाची कृती नव्हे, त्याच्यावर येऊन कोसळणारी गोष्ट. आता तुमच्या बायोडेटातले ते वाक्य आठवा, ज्यात प्रत्येक जण कोडिंगबद्दल ‘पॅशनेट’ असतो. अर्थ बदलला आहे हे मान्य, शब्द बदलतातच. पण जुना अर्थ पूर्ण मेलेला नाही. ज्या कामाने आपल्याला पछाडले आहे, सोडू म्हटले तरी सुटत नाही, त्याबद्दलच तो शोभतो. मराठीत याला ‘आवड’ म्हणत नाहीत. ‘नाद लागणे’ म्हणतात, आणि नाद लागतो, आपण लावून घेत नाही.

इथे मराठीचा एक विशेष ध्यानात घ्या. इंग्रजी जे काम शब्द बदलून करते, त्यातले काही आपण वाक्यरचनेने करतो. ‘मी रागावलो’ आणि ‘मला राग आला’ यांत रागाची पातळी सारखी असू शकते. पहिल्यात मी कर्ता आहे. दुसऱ्यात राग कर्ता आहे आणि तो माझ्याकडे आला आहे. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू घरातून आलेल्या मित्रांना ही रचना आपल्या भाषेत लगेच सापडेल. त्यामुळे भाषांतर करताना नामाला नाम शोधत बसण्यापेक्षा कधी कधी विभक्ती बदलणे जास्त उपयोगाचे ठरते.

सेंटिमेंट : भावना आणि मत

सेंटिमेंटमध्ये मत मिसळलेले असते. एखाद्या गोष्टीबद्दल विचारांती मनात ठरलेली, चांगली-वाईट अशी बाजू घेणारी जाणीव म्हणजे सेंटिमेंट. अ‍ॅडम स्मिथने 1759मध्ये नीतीवर पुस्तक लिहिले त्याच्या शीर्षकात ‘मॉरल सेंटिमेंट्स’ आहेत, कारण त्याला दुसऱ्याच्या वागण्याला आपण मनोमन देत असलेल्या पसंती-नापसंतीबद्दल बोलायचे होते. संगणकशास्त्राने हा शब्द घेतला तो या अर्थाने, आणि बरोबर घेतला. ‘सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस’चे जुळे नाव ‘ओपिनियन मायनिंग’ आहे, यातच सर्व आले. मोबाइलची बॅटरी टिकत नाही असे लिहिणारा ग्राहक रडत नसतो. तो मत देत असतो. शेअर बाजाराच्या सेंटिमेंटचेही तसेच. मराठी वृत्तपत्रे तिथे ‘बाजाराचा कल’ लिहितात, आणि मला तो शब्द कोशातल्या ‘भावने’पेक्षा कितीतरी अचूक वाटतो.

दुसऱ्या गटाच्या प्रकल्पात सात लेबले होती : राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य आणि तटस्थ. चेहऱ्यांच्या एका प्रसिद्ध छायाचित्रसंचात हीच वर्गवारी आहे. यांत मताला जागा नाही. दचकलेल्या माणसाचे कशाबद्दल काही मत असेलच असे नाही. जाता जाता नाट्यशास्त्रातले आठ स्थायीभाव या यादीशेजारी ठेवून पाहा. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. सहा जवळपास जुळतात. रती आणि उत्साह उरतात. भरताला रंगभूमीवर वीर उभा करायचा होता म्हणून त्याला उत्साह लागला. छायाचित्रातल्या गोठलेल्या चेहऱ्यावरून उत्साह कसा ओळखणार? याद्या गरजेप्रमाणे बनतात, त्या मनाचा नकाशा नसतात.

सेंटिमेंटची पुढची कथा ऱ्हासाची आहे. लॉरेन्स स्टर्नने 1768मध्ये प्रवासवर्णनवजा कादंबरीच्या नावात ‘सेंटिमेंटल’ घातले तेव्हा तो सुसंस्कृतपणाचा शिक्का होता. हेन्री मॅकेंझीच्या 1771च्या कादंबरीचा नायक तर ‘मॅन ऑफ फीलिंग’ म्हणूनच मिरवतो. नंतर या हळवेपणाचा अतिरेक झाला आणि लोक कंटाळले. जेन ऑस्टेनच्या 1811च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये तो कंटाळा आणि त्यामागची सहानुभूती दोन्ही आहेत. इथे आमचे विद्यार्थी हमखास पडतात. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस, म्हणून ‘सेन्सिबिलिटी’ म्हणजे समंजसपणा, असे गणित मांडून ते दोन्ही बहिणींना समंजस ठरवतात, आणि मग कादंबरीत भांडण कशाचे आहे तेच त्यांना कळत नाही. त्या काळची सेन्सिबिलिटी म्हणजे चटकन हेलावण्याची क्षमता, मनाची नाजूक कातडी. मेरिअ‍ॅनजवळ ती भरपूर आहे; एलिनॉरजवळही आहे, फक्त ती दाखवत नाही.

अफेक्शन आणि एक खटला

आतापर्यंत नुकसान झाले ते गुणांचे. आता असे उदाहरण घेऊ ज्यात एका शब्दाच्या छटेवर माणूस तुरुंगात गेला.

‘अफेक्शन’ म्हणजे माया, लळा, जिव्हाळा. पॅशनसारखा तो भडकत नाही, सवयीने आणि सहवासाने मुरतो. त्याला उपसर्ग लागून ‘डिसअफेक्शन’ झाले, आणि या शब्दाला इंग्रजीत फार पूर्वीपासून राजकीय अर्थ आहे : राजसत्तेशी निष्ठा नसणे, फितुरीची वृत्ती. सैन्याची एखादी तुकडी ‘डिसअफेक्टेड’ आहे म्हटल्यावर तिचे सेनापतीवर प्रेम उरले नाही असा अर्थ कोणी घेत नाही. ती बंड करील अशी भीती आहे असा घेतात. भारतीय दंड संहितेत 1870मध्ये 124-अ हे कलम घातले गेले तेव्हा सरकारबद्दल ‘फीलिंग्ज ऑफ डिसअफेक्शन’ चेतवणे हा गुन्हा ठरला. सोबत खुलासा होता की सरकारच्या कृतींबद्दल ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’, म्हणजे नापसंती, व्यक्त करणे आणि तरीही कायदा पाळायला तयार असणे हा गुन्हा नव्हे. दोन शब्द, दोन्हींना एकच उपसर्ग, आणि मधल्या फटीत संपादकाचे स्वातंत्र्य.

कलकत्त्यात 1891मध्ये ‘बंगवासी’ पत्रावर खटला झाला. मुख्य न्यायाधीश पेथरम यांनी ज्यूरीला सांगितले की डिसअफेक्शन ही अफेक्शनच्या विरुद्ध जाणीव, म्हणजे तिटकारा किंवा द्वेष. नापसंती ही निराळी गोष्ट. ज्यूरीचे एकमत झाले नाही. मग 1897मध्ये मुंबईत टिळकांवरचा पहिला राजद्रोहाचा खटला उभा राहिला. ‘केसरी’च्या 15 जूनच्या अंकातला शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता हा त्यातला पुरावा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला या शब्दाचा अर्थ सांगितला तो असा की डिसअफेक्शन म्हणजे नुसता अफेक्शनचा अभाव. आणि लगेच पुढे द्वेष, वैर, तिरस्कार अशी मालिका जोडली.

हा अर्थ वाचताना मला नेहमी माझ्या वर्गातली उत्तरपत्रिका आठवते. उपसर्ग वेगळा केला, मूळ शब्द वेगळा केला, दोन्हींची बेरीज केली आणि अर्थ काढला. ‘सेन्सिबल’वरून ‘सेन्सिबिलिटी’ काढणाऱ्या मुलाची आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची चूक एकाच जातीची आहे. शिवाय त्यांच्या सांगण्याचे दोन भाग एकमेकांना धरून नाहीत. प्रेम नसणे म्हणजे वैर असणे नव्हे. माझे माझ्या वीजमंडळावर प्रेम नाही. माझे त्याच्याशी वैरही नाही, निदान बिल येईपर्यंत तरी.

आपल्याकडे व्याकरणकारांनी या फरकावर पूर्वीच बोट ठेवले आहे. संस्कृतातल्या नकारार्थी ‘अ’चे परंपरेने सहा अर्थ मानतात, आणि त्यांत ‘अभाव’ आणि ‘विरोध’ वेगवेगळे मोजतात. ‘अमित्र’ म्हणजे जो मित्र नाही तो सगळा गाव नव्हे. अमित्र म्हणजे शत्रू. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा विसर नव्हे, धर्माविरुद्ध वागणे. कोणत्या शब्दात कोणता ‘अ’ आहे हे रूढी ठरवते, बेरीज नाही. स्ट्रेची यांनी अभाव आणि विरोध एकाच पोत्यात भरले, आणि भाषेची ही गल्लत कायद्याची भाषा झाली. नऊ जणांच्या ज्यूरीतल्या सहा युरोपीयांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ यांनी प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांची बाजू मांडताना या व्याख्येवरच हल्ला केला, पण परवानगी मिळाली नाही. 1898मध्ये कलमात बदल झाला तो सौम्य करणारा नव्हता : द्वेष आणि तुच्छता हे शब्द आत आले, आणि डिसअफेक्शनमध्ये निष्ठाहीनता व वैराच्या ‘सर्व’ फीलिंग्ज येतात असे नमूद झाले. शब्द अस्पष्ट आहे म्हणून त्याला आणखी अस्पष्ट शब्दांचे कुंपण घातले.

1908च्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, तेव्हा त्यांचा बराच रोख ‘केसरी’तल्या मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतरावर होता. मूळ मराठीत जी छटा नाही ती भाषांतराने आणली, असे ते शब्दामागून शब्द घेऊन दाखवत होते. म्हणजे दुहेरी अडचण पाहा : मराठी शब्दाची छटा भाषांतरात हरवायची, आणि ते भाषांतर ज्या इंग्रजी शब्दावर घासून पाहायचे त्याची छटा न्यायाधीश ठरवणार. सहा वर्षे मंडाले.

गांधीजींनी 1922मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात याच कलमाखाली गुन्हा कबूल केला, पण शब्दाचे मर्म उघडे करून. अफेक्शन कायद्याने निर्माणही करता येत नाही आणि त्याचे नियमनही करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला यात उत्तम शब्दविवेचन दिसते. सरकार म्हणते आज्ञा पाळा, ते समजू शकते. आज्ञा वागण्याला देता येते. पण अफेक्शन हे मायेच्या जातीचे आहे, ते मागून मिळत नाही. संहितेच्या हिंदी पाठात या शब्दासाठी ‘अप्रीति’ आहे. तो वाचला की गांधीजींचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हे कलम आता इतिहासजमा झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022मध्ये त्याचा वापर थांबवला आणि 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 152मध्ये डिसअफेक्शन नाही, पण ‘फीलिंग्ज’ आहेत : फुटीर कारवायांच्या फीलिंग्जना प्रोत्साहन देणे. कारवाया समजतात. कारवायांच्या भावना म्हणजे काय, हे मला इंग्रजीची शिक्षिका म्हणून अजून उलगडलेले नाही.

वर्ड्सवर्थ आणि एलियट

न्यायालयातून पुन्हा वर्गात येऊ. इंग्रजी साहित्य ऐच्छिक विषय म्हणून घेणाऱ्यांना ‘लिरिकल बॅलड्स’ची 1800ची प्रस्तावना वाचावी लागते. तिच्यात काव्याबद्दल दोन विधाने आहेत. एकात चांगले काव्य म्हणजे प्रबळ फीलिंग्जचे आपसूक ओसंडणे असे म्हटले आहे. दुसऱ्यात काव्याचा उगम शांतपणे आठवलेल्या इमोशनमध्ये असतो असे. मी पाहिलेल्या मराठी टिपणांत दोन्ही ठिकाणी ‘भावना’ आहे. मग विद्यार्थी साहजिकच लिहितो : ओसंडणेही म्हणतो आणि शांतताही म्हणतो, तेव्हा वर्ड्सवर्थ स्वतःशीच विसंगत आहे. मार्गदर्शकही ते छापतात.

मूळ नीट पाहा. फीलिंग्ज अनेकवचनी आहेत, इमोशन एकवचनी. पहिल्या विधानाला लागूनच वर्ड्सवर्थ सांगतो की ज्याच्याजवळ नेहमीपेक्षा जास्त सेन्सिबिलिटी आहे आणि ज्याने दीर्घकाळ खोल विचारही केला आहे, त्याच्याच हातून मोलाच्या कविता झाल्या. आपल्या फीलिंग्जना विचार वळण लावतात, आणि विचार म्हणजे मागच्या फीलिंग्जचेच प्रतिनिधी. म्हणजे या फीलिंग्ज वर्षानुवर्षे साठत आणि घडत आलेल्या आहेत. इमोशन मात्र प्रसंगाची आहे. ती एकदा येऊन गेली. शांतपणी तिच्यावर मन रेंगाळले. हळूहळू शांतता विरली आणि मूळच्या इमोशनशी नाते सांगणारी नवी इमोशन मनात खरोखर उभी राहिली. लेखन सुरू होते ते या मनःस्थितीत, आणि ओसंडते ते तेव्हा. यात विसंगती नाही, क्रम आहे. विसंगती आपल्या ‘भावने’ने निर्माण केली. सबंध प्रस्तावनेत वर्ड्सवर्थ हे दोन शब्द काटेकोर वेगळे ठेवतो असा माझा दावा नाही. तो कोशकार नव्हता. पण या दोन जागी शब्द बदलतो तेव्हा अर्थही बदलतो. वर्गात मी इमोशनसाठी ‘भावावस्था’ वापरते. पूर्ण समाधान होत नाही. शब्द जरा जड आहे.

एलियटने 1919च्या ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट’ या निबंधात वर्ड्सवर्थचे सूत्र नाकारले आणि हेच दोन शब्द हाती घेऊन नवी विभागणी केली. कवीच्या मनात शिरणारे घटक दोन प्रकारचे : इमोशन्स आणि फीलिंग्ज. त्याच्या उदाहरणांवरून दिसते की इमोशन प्रसंगातून येते, आणि फीलिंग एखाद्या शब्दाला, वाक्खंडाला, प्रतिमेला चिकटलेले असते. कीट्सच्या नाइटिंगेलवरच्या कवितेत अशी कितीतरी फीलिंग्ज आहेत ज्यांचा त्या पक्ष्याशी विशेष संबंध नाही. पक्ष्याने फक्त त्यांना एकत्र आणले. वाचनासाठी ही विभागणी फार उपयोगी आहे. कविता ‘कशाबद्दल’ आहे हे सांगून संपत का नाही, याचे उत्तर तिच्यात आहे. तरी एलियट व्याख्या देत नाही, उदाहरणांवर भागवतो. आणि पुढे कलेतून निष्पन्न होणाऱ्या नव्या परिणामालाही तो इमोशनच म्हणतो, त्यामुळे वाचकाच्या हातात एकाच नावाच्या दोन वस्तू राहतात. ज्याने दुसऱ्याच्या सूत्राला अचूक नसल्याबद्दल बोल लावला, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा होती.

याच निबंधात एलियटने रसायनशास्त्राचा दाखला दिला आहे. ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड यांच्यात प्लॅटिनमची तार धरली की सल्फ्युरस आम्ल बनते, तार तशीच राहते. कवीचे मन त्या तारेसारखे. रासायनिक अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने वर्गात हात वर केला : मॅडम, बनतो सल्फर ट्रायऑक्साइड, आणि पाण्याशी संयोग झाला तर सल्फ्युरिक आम्ल, सल्फ्युरसला प्लॅटिनम लागतच नाही. ती बरोबर होती. ‘सल्फ्युरस’ आणि ‘सल्फ्युरिक’ यांच्यात ऑक्सिजनचा एक अणू आहे. तो एक अणू पाहणारी नजर ‘फीलिंग’ आणि ‘इमोशन’कडे वळवायची, एवढेच मी त्या वर्गाकडे मागितले.

एक सावधगिरी. मानसशास्त्रात गेलात की हे शब्द पुन्हा जागा बदलतात. विल्यम जेम्सच्या 1884च्या निबंधात शरीरातले बदल आधी होतात आणि त्या बदलांचे फीलिंग म्हणजेच इमोशन. अँटोनिओ डमासिओ शरीरातल्या बदलांनाच इमोशन म्हणतो, आणि त्यांची मनात होणारी जाणीव म्हणजे फीलिंग. दोघेही आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण एकाची व्याख्या घेऊन दुसऱ्याला वाचाल तर फसाल. म्हणून परीक्षेत आधी लेखक पाहा, मग शब्द.

त्या दोन प्रकल्पांचे पुढे काय झाले? पहिल्या गटाने मराठी शीर्षक बदलून ‘ग्राहकांच्या अभिप्रायांचा कल ओळखणे’ केले. दुसरा गट बराच वेळ अडला होता. शेवटी त्यांच्यातल्या एकाची आजी कामाला आली. नातू फोनवर प्रकल्प समजावून सांगत होता तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे चेहऱ्यावरचे भाव ओळखायचे, असंच ना?” शीर्षक तेच ठेवले.

स्वाध्याय

‘धार्मिक भावना दुखावल्या’ ही बातमी तुमच्या शहरातल्या एका इंग्रजी आणि एका मराठी, किंवा तुमच्या मातृभाषेतल्या, वृत्तपत्रात शोधा. दंड संहितेच्या 1927मध्ये आलेल्या 295-अ कलमात, तसेच आजच्या न्याय संहितेच्या कलम 299मध्ये, ‘फीलिंग्ज’ हा शब्द आहे; इंग्रजी पत्रे बहुधा ‘सेंटिमेंट्स’ लिहितात. जे दुखावले ते वाटणे होते की मत होते, आणि ते कोणाचे होते, हे बातमीतल्या मजकुराच्या आधारे एका पानात लिहा. ‘भावना’ हा शब्द न वापरता लिहा.